चिमूटभर कोरडं मीठ

आमच्या प्रयोगशाळेत 'मीठ' या शब्दाचा स्वयंपाकाशी काही संबंध नव्हता. विद्यार्थ्याला कागदाची एक पुडी मिळे. तिच्यात पांढरी, नाहीतर हिरवट-निळसर भुकटी असे, आणि तिच्यात कोणते धातू दडले आहेत ते त्यानं दुपार संपायच्या आत शोधून काढायचं. हल्ली पुस्तकांत त्यांना धनायन म्हणतात. आम्ही पन्नासच्या दशकातली माणसं. आम्ही 'बेसिक रॅडिकल' म्हणायचो आणि ते मराठीच आहे असं समजायचो.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय तेवीस. प्रोफेसर ज्याला विद्यार्थी समजतात आणि विद्यार्थी ज्याला प्रोफेसर समजत नाहीत, तो डेमॉन्स्ट्रेटर. पुड्या बांधणं, आम्लांच्या बाटल्या भरणं, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडणाऱ्या यंत्राची निगा राखणं ही माझी कामं. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिरलं नव्हतं अशा मुलांनाही 'सडक्या अंड्यासारखा वास' असंच शिकवावं लागे. तीही बिचारी मान डोलवून तसंच लिहीत.

एक गोष्ट मात्र मी वर्षभर घोकून घेत असे. पुडी उघडली की मीठ विरघळवण्याआधी चिमूटभर कोरडं मीठ कागदावर बाजूला काढून ठेवायचं. कारण साधं आहे. धातू एकेक गट करून खाली बसवायचे असतात, आणि मधल्या एका पायरीला आपल्याला स्वतःच द्रावणात अमोनियमचं मीठ घालावं लागतं. त्यामुळे पुडीत मुळात अमोनियम होतं की नाही, हे कोरड्या मिठावरच पाहायचं. त्यात कॉस्टिक सोडा टाकून तापवलं की सकाळच्या गोठ्यासारखा वास आला तर आहे, नाहीतर नाही. हीच परीक्षा कोणी नंतर उरलेल्या द्रावणावर केली तर अमोनियम हमखास सापडतं. "तुम्हीच घातलेलं तुम्हालाच सापडेल," असं मी सांगत असे. मुलं हसत, आणि दर वर्षी दोघे-तिघे तेच करत.

त्या वर्षी इंटरच्या, म्हणजे आताच्या बारावीच्या, वर्गात एक माणूस आला. तिशी ओलांडलेला, सावळा, डोक्यावर टोपी, हातात धुतलेली पिशवी. आष्टीकडच्या एका गावात तो प्राथमिक शाळेचा मास्तर होता. बेचाळीस साली तो याच कॉलेजात इंटरला होता. ऑगस्टमध्ये तो गावी गेला, तिथून तुरुंगात गेला, आणि प्रॅक्टिकलची परीक्षा राहून गेली ती राहूनच गेली. आता गावात हायस्कूल निघणार होतं. सायन्स शिकवायला किमान इंटर पास झालेला माणूस हवा होता. म्हणून मास्तर रजा काढून आला होता आणि सतरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत टेस्ट ट्यूब धरून उभा होता.

मला तो 'सर' म्हणे. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा माणूस मला सर म्हणतो याचा मला संकोच वाटे. मी त्याला 'मास्तर' म्हणू लागलो. मग सगळा वर्गच म्हणू लागला. पोरं त्याला टरकून होती, कारण पंधरा ऑगस्टला गांधीचौकातल्या व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसलेलं त्यांनी त्याला पाहिलं होतं.

एकदा एका पोरानं धीर करून विचारलं, "मास्तर, जेलात कसं होतं?"

"ढेकणं होते," मास्तर म्हणाला.

"आणखी?"

"आणखी ढेकणं. तू तुह्या ट्यूबीकडे पाय. उकळून राह्यली ते."

यापलीकडे तुरुंगाबद्दल मी त्याच्या तोंडून वर्षभरात काही ऐकलं नाही. जे ऐकलं ते इतरांच्या तोंडून, आणि ज्यानं त्यानं आपापल्या परीनं त्यात भर घातलेली होती.

त्याचे हात प्रयोगाला चांगले नव्हते. खडू धरायची सवय असलेले जाड हात. ट्यूब धरताना तो ती गळा आवळल्यासारखी धरी. पण माणूस चिकट. सुटी झाली तरी थांबे. एकदा शिशाची खात्री करायची परीक्षा चालली होती. शिशाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की पिवळाधमक साका बसतो. तो गरम पाण्यात विरघळतो आणि पाणी निवू लागलं की सोन्याच्या बारीक चकत्या होऊन पुन्हा खाली उतरतो. मास्तर ती ट्यूब उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.

"सर, हे काही कामाचं हाय का?"

"नाही. शिसं आहे एवढंच कळतं."

"असू द्या. बाकीचा सोन्याचा मुलामा पाह्यला मी लई. हा बरा हाय."

त्याच दिवशी बेसिनवर ट्यूब धुताना तो आपणहून बोलला. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाला, "सर, मले नोकरी भेटली ते बेचाळीसमुळे. मोटारीत बसाले जागा भेटते, ते बेचाळीसमुळे. पोरीच्या बारशाले तहसीलदार आलता, तेही बेचाळीसमुळेच. माह्या पोरीचं नाव काय ठेवलं ते त्याले आजही ठाऊक नसन. हे इंटर तेवढं मले माह्या हातानं करू द्या. एक तरी गोष्ट अशी पाह्यजे, का ते कोणी माह्या गळ्यात नाई घातली."

गळ्यात घालण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात हार फुलांचे नसत, सुताचे असत. हाताने कातलेल्या सुताची गुंडी मोकळी करून पाहुण्याच्या गळ्यात घालत. पाहुणा जितका मोठा तितकं सूत जाड, आणि हार लांब. समारंभ संपला की ते सूत मुकाट्याने परत कपाटात जाई. एकच गुंडी किती थोरांचा घाम टिपून आली असेल, देव जाणे. फुलांपेक्षा ही रीत काटकसरीची होती यात शंका नाही. फक्त फुलांचा हार टेबलावर लोंबत नाही. सुताचा लोंबतो.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. कडक म्हणून प्रसिद्ध. नसलेला धातू सापडला असं लिहिलं तर सापडलेल्या धातूंचेही गुण कापायचे, हा त्यांचा नियम. तो त्यांनी सकाळीच वर्गाला ऐकवला. "नाही ते आहे म्हणणारा माणूस केमिस्ट होत नाही," ते म्हणाले. मला ते वाक्य आवडलं होतं.

पुड्या वाटून मी मागच्या खोलीत वायूचं यंत्र सांभाळायला गेलो. ते मध्येच रुसलं तर सगळ्या वर्गाचं काम अडतं. त्यामुळे पुढे जे झालं ते मी पाहिलं नाही. मास्तरनेच मला नंतर सांगितलं.

त्यानं पुडी उघडली, शिकवल्याप्रमाणे चिमूटभर मीठ कागदावर बाजूला काढलं आणि बाकीचं विरघळवलं. दोन गट संपवले. तिसऱ्यासाठी द्रावणात अमोनियमचं मीठ घातलं. कोरड्या मिठाची परीक्षा तो आता करणार, एवढ्यात दार उघडलं आणि प्रिन्सिपॉल आत आले. मागे चपराशी, चपराशाच्या हातात तबक. प्रिन्सिपॉलांना परीक्षकांना दाखवायचं होतं की आपल्या कॉलेजात कोण परीक्षेला बसलंय. ते मास्तरच्या टेबलाशी थांबले, भाषण केलं आणि सुताचा हार त्याच्या गळ्यात घातला. पोरांनी पेटते स्पिरिटचे दिवे तसेच ठेवून टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनीही वाजवल्या. मास्तर कमरेत वाकून नमस्कार करायला गेला, आणि हाराच्या लोंबत्या टोकानं टेबलावरचा कागद ओढला. चिमूटभर मीठ बेसिनमध्ये गेलं.

हार काढून ठेवावा तर प्रिन्सिपॉल अजून शेजारच्या टेबलाशी उभे. नवं मीठ मागावं तर त्याचे गुण कापत, आणि आत्ताच ज्याच्या त्यागाचं वर्णन झालं त्यानं 'माझं मीठ सांडलं' म्हणून हात पुढे करायचा कसा? मास्तर तसाच हार घालून काम करत राहिला. सूत दिव्यावर पेटू नये म्हणून एका हातानं हार धरायचा आणि दुसऱ्या हातानं ट्यूब. दोन धातू त्याला बरोबर सापडले, शिसं आणि जस्त. मग अमोनियमची परीक्षा राहिली हे आठवलं. उरलेल्या द्रावणातलं थोडं घेतलं, कॉस्टिक टाकलं, तापवलं. गोठ्याचा वास आला. त्यानं तिसरं नाव लिहिलं.

चार-पाच दिवसांनी तो माझ्या खोलीवर आला. उन्हातून आलेला. पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सर, एक इचारतो. खरं सांगजा. माह्या मिठात अमोनियम होतं का?"

पुड्या मीच बांधल्या होत्या. "नव्हतं, मास्तर."

"वाटलंच." तो हसला. "मोटार आर्वीले थांबली. लोक चहा प्याले उतरले. मी खिडकीत बसून होतो, अन् एकदम ध्यानात आलं का पाणी कोणतं घेतलं होतं मी. वर्षभर तुमी बोंबलले, तुमचंच घातलेलं तुमाले सापडन म्हणून. अन् मले तेच सापडलं."

मग त्यानं हाराची गोष्ट सांगितली, कोणाची तक्रार केल्यासारखी नव्हे. प्रिन्सिपॉलांचा त्याला रागही आला नव्हता. "त्यायले तरी काय ठाऊक," म्हणाला. "चला. पुढच्या साली बसतो. हायस्कूल काही पयून नाई जात."

जाताना तो मोकळा दिसला. नापास व्हायची त्यानं तयारी केली होती आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. चूक त्याची होती. त्याला ती सापडली होती. मलाही तेव्हा बरंच वाटलं. एका माणसाला आपण नीट शिकवलं असं वाटलं.

निकाल लागला. मास्तर पास.

मला वाटलं, परीक्षकांनी गुण कापून शेवटी काठावर सोडलं असेल. मास्तरलाही तसंच वाटलं असावं. खुलासा सत्काराच्या दिवशी झाला. सत्कार तर होणारच होता. हॉल भरलेला, तीच गुंडी, तेच तबक. प्रिन्सिपॉल बोलायला उभे राहिले, आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी आवाज खाली आणला. तो त्यांनी खाली आणला की मागच्या रांगेपर्यंत ऐकू येई.

"परीक्षक महाशयांनी मला काय सांगितलं, ते आज सांगतो," ते म्हणाले. "ते म्हणाले, उत्तरात एक चूक होती. नियमाप्रमाणे पास करता येत नव्हतं. पण ज्या हातांनी देशासाठी बेड्या वागवल्या, ते हात एका अमोनियमसाठी मी अडवू?"

प्रचंड टाळ्या. माझ्या शेजारी बसलेले संस्कृतचे प्रोफेसर डोळे पुसत होते. मी मास्तरकडे पाहिलं. तो व्यासपीठावर मांडीवर हात ठेवून बसला होता. त्यानं ते हात उलटे करून पाहिले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. मान खाली, गळ्यात सूत. टाळ्या थांबेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. लोकांना तो विनय वाटला. दुसऱ्या दिवशी गावभर त्याच्या विनयाची चर्चा होती.

समारंभ संपल्यावर तो मला घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेला. प्रिन्सिपॉल खुशीत होते, त्यांनी चहा मागवला.

"साहेब," मास्तर म्हणाला, "मले पुढच्या साली पुन्हा प्रॅक्टिकलले बसू द्या."

"कशाला? तुम्ही पास झालात!"

"मी नाई झालो. माह्यं उत्तर चूक होतं."

"अहो, पास झालेल्या माणसाला पुन्हा कसं बसवणार?"

"मंग मले नापास करा."

प्रिन्सिपॉल हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हसत नाही म्हणून थांबले. "मास्तर, तुम्ही थोर आहात," ते म्हणाले. "पण विद्यापीठात असा नियम नाही. नियम नापासांसाठी असतात."

"एवढ्या मोठ्या विद्यापीठात, ज्याले नापास व्हाचं हाय त्याच्यासाठी काहीच नाई?"

"नाही," प्रिन्सिपॉल म्हणाले. "चहा घ्या."

त्यानं चहा घेतला. कप-बशी उचलून स्वतः बाहेर नळावर विसळून ठेवली. बहुधा प्रयोगशाळेची सवय.

मे महिन्यात कॉलेज बंद होतं. वर्ध्याचा मे काय असतो ते वर्धेकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. मी किल्ली घेऊन आम्लांच्या बाटल्या पाहायला गेलो होतो, तर मास्तर व्हरांड्यात बसलेला. सकाळच्या मोटारीने आला होता.

"सर, एक पुडी बांधून द्या मले. लेखी नको, गुण नको. फक्त तुमी पाहा."

मी आत जाऊन पुडी बांधली. खरं सांगायचं तर इंटरच्या मानानं फार अवघड बांधली. चार नावं होती आणि सगळी पांढरी. अमोनियम घातलं, अ‍ॅल्युमिनियम घातलं, आणि कॅल्शियम व स्ट्रॉन्शियम दोन्ही एकत्र घातले. या शेवटच्या दोघांनी बी.एस्सी.ची पोरंही रडवली आहेत. दोन्ही ज्योत लाल करतात, एक विटेसारखी लाल आणि एक कुंकवासारखी, आणि एकत्र असले की एक दुसऱ्याच्या आड लपतो. त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यायचं तर सोपं देऊन चालणार नव्हतं.

त्यानं टोपी काढून खिळ्याला अडकवली. पुडी उघडली. चिमूटभर मीठ काढून वेगळ्या कागदात बांधलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं, टेबलावर नाही. मग सुरुवात केली. बाहेर लू सुटली होती, आत दिव्याची धग. कुठं एक पाखरू नव्हतं. मी खिडकीत बसून राहिलो. एक शब्द बोललो नाही, खोकलोही नाही. त्याचा घाम टेबलावर पडत होता आणि तो ट्यूब जपून बाजूला धरत होता. ट्यूब आता तो चिमटीत धरायला शिकला होता.

दुपार कलली तेव्हा त्यानं एका कागदावर चार नावं लिहून माझ्यासमोर ठेवली.

"बरोबर?"

"बरोबर. चारही."

मला वाटलं होतं तो हसेल. त्यानं दिवा विझवला, ट्यूब धुतल्या, लाकडी घोडीवर पालथ्या घातल्या. हात पुसता पुसता म्हणाला, "सर, सोपी तर नाई बांधली न पुडी?"

"नाही, मास्तर. उलट अवघड बांधली. बी.एस्सी.च्या पोरांना देतो तसली."

"हो," तो म्हणाला आणि मान डोलावली. ती मान मी ओळखली. हार घालणाऱ्या प्रत्येक माणसापुढे तो तशीच डोलवत असे. मी आणखी काही बोललो असतो तर तेही त्याला भाषणच वाटलं असतं. मला मिठाची परीक्षा घेता येत होती. माझ्या शब्दाची परीक्षा घ्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

मी त्याला मोटारस्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्यानं सांगितलं की हायस्कूलची नोकरी तो घेणार आहे. "नाई घेतली तर पोरायले सायन्सच नाई राहणार. माह्या हौशीपायी त्यायचं काऊन नुकसान?" मोटार आली. कंडक्टरनं त्याला ओळखलं, पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला उठवलं आणि "बसा मास्तर" म्हणाला. मास्तरनं त्या म्हाताऱ्याला परत बसवलं आणि आर्वीपर्यंत उभा राहिला, असं मला नंतर त्याच कंडक्टरनं कौतुकानं सांगितलं.

त्यानंतर तो मला भेटला नाही. कॉलेजची बोलावणी त्याला गेली असतील, त्याला रजा मिळाली नसेल. दशक संपता संपता आमच्या वर्गात एक मुलगी आली. वर्गातली एकुलती एक. नालवाडीला मावशीकडे राहायची. पहिल्याच प्रॅक्टिकलला तिनं पुडी उघडली, चिमूटभर मीठ कागदात बांधलं, आणि बायका पैसे बांधतात तशी पदराच्या टोकाला गाठ मारून ते आत ठेवलं. मग पदर कमरेला खोचला.

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं?"

"आमच्या मास्तरांनी. टेबलावर ठिवू नोको म्हणत, कोणी ना कोणी येऊन सांडवते."

गाव विचारलं. आष्टीकडचंच होतं. मास्तर कसे आहेत म्हणून विचारलं, तर तिनं ट्यूबवरची नजर हलवली नाही.

"गेले न, सर. गेल्या उन्हाळ्यात. लई माणसं आलती. गळ्यात इतकं सूत पडलं, का तोंड दिसत नव्हतं."

मी तिच्या टेबलावरची आम्लाची बाटली सरळ करून ठेवली. तिला वाटलं, मी त्यांना फक्त ऐकून ओळखत असेन. म्हणून तिनं माझ्यासाठी ओळख करून दिली.

"चांगले शिकवत, सर. पण स्वतः केमिस्ट्रीत नापास झालते. दर वर्षी पहिल्या दिवशी तेच सांगत वर्गाले, 'मी या विषयात नापास हाओ, म्हणून मले ठाऊक हाय चूक कुठी होते ते.' गावातले लोक म्हणत नाई, मास्तर पास आहेत. त्यायचा तर सत्कारही झालता. पण मास्तर आयकत नसत. नापासच, म्हणत."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "ते नापास होते. मी तिथे होतो."

तिनं मान हलवली, पदराची गाठ चाचपून पाहिली, आणि दिवा पेटवला.